‘ए’मध्ये ‘अ’ आणि ‘इ’ आहेत कुठे?

शालेय मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत वर्णविचाराच्या प्रकरणात एक छोटा तक्ता बहुधा असतोच. ए = अ + इ, ऐ = आ + इ, ओ = अ + उ, औ = आ + उ. वर मथळा असतो ‘संयुक्त स्वर’. हा तक्ता विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. पुढे स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतही तो जसाच्या तसा भेटतो. हा तक्ता कितपत खरा आहे आणि कोणत्या अर्थाने खरा आहे, याचे परीक्षण करणे हा या लेखाचा हेतू आहे.

परीक्षणाची सुरुवात कानापासून करू. एखाद्या विद्यार्थ्याला ‘ए’ हा स्वर पाच सेकंद ताणून म्हणायला सांगा आणि शेजारच्याला त्याच्या जबड्याकडे पाहू द्या. जबडा आणि ओठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागचे हलत नाहीत. ‘ओ’चेही तसेच. आता ‘ऐ’ ताणायला सांगा. तो ताणला की म्हणणारा नकळत ‘ई’वर जाऊन थांबतो, ‘औ’ ताणला की शेवटी ‘ऊ’ उरतो. म्हणजे ऐ आणि औ यांत दोन स्वर ऐकू येतात, ए आणि ओ यांत एकच. शिवाय आपल्या ऐ-औच्या आरंभी ‘आ’ नाही. ‘पैसा’ हा शब्द आपण ‘पइसा’ असा म्हणतो, ‘पाइसा’ असा नाही. ‘चौथा’ म्हणजे ‘चउथा’, ‘चाउथा’ नव्हे. तेव्हा तक्त्यातील चारपैकी एकही ओळ आजच्या मराठी उच्चाराशी जुळत नाही.

याचा परिणाम असा होतो, की जो विद्यार्थी नीट ऐकून ‘ए हा साधा स्वर आहे’ असे लिहितो त्याचे गुण जातात, आणि जो न ऐकता पाठ करतो त्याला ते मिळतात. विज्ञानाच्या तासाला आपण ‘आधी पाहा, मग सांगा’ असे शिकवतो. त्याच शाळेत, पुढच्याच तासाला, स्वतःच्या कानावर विश्वास ठेवणे चूक ठरते. म्हणून हा प्रश्न केवळ व्याकरणाचा उरत नाही.

मग हा तक्ता चुकीचा म्हणून काढून टाकावा काय? तेही घाईचे होईल. तक्ता खरा आहे, पण आजच्या उच्चाराबद्दल नव्हे, फार जुन्या काळच्या उच्चाराबद्दल. यावर कोणीही विचारील, की ध्वनिमुद्रणाची सोय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे लोक ‘ए’ कसा म्हणत हे आपल्याला कळते कसे? या प्रश्नाचे काम लॅटिन भाषेबाबत फार काटेकोरपणे झाले आहे. ती पद्धत आधी समजून घेऊ आणि मग ती आपल्या जिल्ह्यातील एका शब्दाला लावून पाहू.

लॅटिनची साक्ष

लॅटिनमध्ये एक जोडस्वर होता, तो रोमन लिपीत दोन अक्षरे जोडून लिहीत. रोमन अक्षरांची इंग्रजी नावे घेतली तर गोंधळ होईल, म्हणून ती आपण त्यांच्या लॅटिन उच्चारांनी लिहू. हा जोडस्वर जुन्या लेखांत ‘आइ’ असा लिहिलेला सापडतो, नंतरच्या लेखांत ‘आए’ असा. इ. स. पूर्व १८६ मध्ये रोमच्या सिनेटने मद्यदेव बाकसच्या उत्सवांवर निर्बंध घातले. तो ठराव काशाच्या पत्र्यावर कोरलेला उपलब्ध आहे. त्यात ‘बेलोना देवीच्या मंदिराजवळ’ अशा अर्थाचे शब्द आहेत. त्यांपैकी मंदिरासाठीचा शब्द ‘आएदेम’ असा नव्या पद्धतीने कोरला आहे आणि त्याला लागूनच देवीचे नाव ‘दुएलोनाइ’ असे जुन्या पद्धतीने. लेखन बदलत असतानाचा क्षणच त्या पत्र्यावर राहून गेला आहे. लेखन बदलले त्याअर्थी कानाला काहीतरी वेगळे लागू लागले असावे, हा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा परक्यांचा. ग्रीकांनी रोमन सम्राटांची उपाधी ‘काइसार’ अशी लिहिली. जर्मन लोकांनी ती फार लवकर उचलली. तीच आजची ‘कायझर’. इंग्रजीतला ‘सीझर’ हा उच्चार त्यामानाने पुष्कळ अलीकडचा. तिसरा पुरावा तक्रारींचा. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील विद्वान वारो नोंदवतो, की शहरात करडाला ‘हाएदुस’ म्हणतात, पण लॅटियमच्या खेड्यांत ‘हेदुस’ म्हणतात. म्हणजे जोडस्वर आधी खेड्यात वितळून ‘ए’ झाला. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या भिंतींवर सामान्य लोकांनी खरडलेला मजकूर आहे. त्यात ‘आए’च्या जागी नुसता ‘ए’ लिहिल्याच्या चुका आढळतात. शुद्ध लिहिणारा माणूस या कामी फारसा उपयोगी नसतो. जो चुकतो तो आपल्या कानाला काय ऐकू आले ते सांगून जातो.

‘आउ’ या जोडस्वराची एक गंमत चरित्रकार सुएटोनियस सांगतो. सम्राट वेस्पासियन ‘गाड्या’ या अर्थाचा शब्द ‘प्लोस्त्रा’ असा म्हणाला. फ्लोरुस नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाने ‘प्लाउस्त्रा’ म्हणावे असे सुचवले. दुसऱ्या दिवशी सम्राटाने त्याचे स्वागत ‘या फ्लाउरुस’ असे म्हणून केले! या एका विनोदातून तीन गोष्टी कळतात: दोन्ही उच्चार एकाच वेळी चालू होते, ‘ओ’चा उच्चार कमी दर्जाचा समजला जाई, आणि लोक शुद्धतेच्या धास्तीने नको तेथेही ‘आउ’ घालत असावेत.

शेवटचा पुरावा वंशजांचा. ‘काउसा’ या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमध्ये ‘शोज’ झाला. फ्रेंचमध्ये लॅटिन ‘क’चा पुढे ‘श’ झाला तो ‘आ’ पुढे असेल तरच. ‘कांतारे’चा ‘शांते’ झाला, पण ‘कोर्पुस’चा ‘कोर’च राहिला. आता ‘शोज’मध्ये ‘ओ’ आहे आणि तरीही ‘श’ आहे. याचा अर्थ, ‘क’ बदलू लागला तेव्हा या शब्दात अजून ‘आउ’ होता. त्याचा ‘ओ’ नंतर झाला. कोणताही सन न सांगता शब्दाने दोन बदलांचा क्रम सांगितला.

हा सगळा पुरावा केंब्रिजचे प्राध्यापक डब्ल्यू. सिडनी ॲलन यांनी १९६५ साली ‘व्हॉक्स लॅटिना’ या छोट्या पुस्तकात एकत्र मांडला. त्याच लेखकाने त्याआधी, १९५३ साली, प्राचीन भारतीय ध्वनिशास्त्रावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही. ‘व्हॉक्स लॅटिना’चा मोठा गुण असा, की उच्चार नुसता सांगितला नाही, कशावरून तेही सांगितले. त्याची आपल्या दृष्टीने एक मर्यादाही आहे. पुस्तक इंग्रजी भाषकांसाठी आहे, म्हणून त्यातले नमुने ‘हाय’, ‘हाउ’ अशा इंग्रजी शब्दांचे. मराठी विद्यार्थ्याला तो वळसा घ्यायला नको. लॅटिनचे हे दोन जोडस्वर आपल्या ‘गाय’ आणि ‘भाव’ या शब्दांतील उच्चारांच्या पुष्कळ जवळ येतात.

आपल्या जिल्ह्यातील एक शब्द

आता हीच पद्धत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एका गावाच्या नावाला लावू. ते नाव पैठण.

संस्कृत रूप ‘प्रतिष्ठान’. पहिला साक्षीदार दगड आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेण्यांत खांबांच्या दानाचे ब्राह्मी लेख आहेत. ते इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतले मानले जातात. त्यांतील काही दाते पैठणचे होते आणि गावाचे नाव तेथे ‘पतिठान’ असे कोरले आहे. ‘प्र’मधला र गेला आहे, पण त शाबूत आहे.

दुसरा साक्षीदार परदेशी व्यापारी. इ. स. पहिल्या शतकात इजिप्तमधून व्यापार करणाऱ्या कोणा ग्रीकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर ‘पाइथाना’ हे शहर असल्याचे म्हटले आहे. त नाहीसा झाला आहे. दुसऱ्या शतकातला टॉलेमी याच शहराला ‘बाइथाना’ म्हणतो आणि तेथील राजाचे नाव ‘सिरोप्टोलेमाइओस’ असे देतो. हा राजा म्हणजे सातवाहन श्री पुळुमावि. ‘पुळुमावि’ हे अनोळखी नाव ग्रीक कानाने आपल्या ओळखीच्या ‘प्टोलेमाइओस’ या नावात बसवून टाकले. परका साक्षीदार निःपक्षपाती असतो असे समजू नये, हा याचा धडा.

प्रश्न असा, की ग्रीकांच्या ‘आइ’वरून पैठणच्या बाजारात लोक ‘पइठाण’ म्हणत होते असे ठरवता येईल काय? एकट्या त्या लेखनावरून नाही. कारण त्याच काळात ग्रीक भाषेतला ‘आइ’ स्वतःच बदलत होता. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसच्या कागदांवर ग्रीक लोक ‘आइ’ आणि ‘ए’ यांत गोंधळ करताना दिसतात. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात स्थिती वेगळी होती. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात प्टोलेमाइओस राजाचे नाव ‘तुरमाय’, ‘तुलमय’ अशा रूपांत येते, म्हणजे तेव्हा भारतीय कानांना तेथे ‘आय’सारखे काही ऐकू आले होते. पण पेरिप्लसच्या काळापर्यंत ते अक्षर विश्वासाचे राहिले नव्हते. ‘पाइथाना’ लिहिणाऱ्याने ‘पेठाण’ ऐकले असण्याचीही शक्यता उरते.

अशा वेळी वंशजाला विचारायचे. जुन्या संस्कृत ऐ-औचे प्राकृतात साधारणपणे ए-ओ झाले. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाश’मध्ये हा नियम आहे, ‘दैत्य’सारख्या काही शब्दांत मात्र ‘अइ’ होतो, असेही तेथे म्हटले आहे. सामान्य नियमाची फळे मराठीत आजही आहेत. ‘तैल’चे तेल झाले, ‘गौर’चा गोरा झाला, ‘मौक्तिक’चा मोती झाला. एकदा ए-ओ झालेले हे स्वर पुन्हा ऐ-औ झाले नाहीत. मग ‘पैठण’मध्ये ऐ कसा? कारण हा ऐ दुसऱ्या पिढीचा आहे. जुना ऐ बोलीतून गेल्यानंतर ‘पतिठान’मधला त गळाला आणि अ व इ शेजारी आले. प्राकृतात हे नाव ‘पइट्ठाण’ असे दोन सुटे स्वर घालून लिहितात. पुढे ते दोन स्वर जोडले जाऊन मराठीचा नवा ऐ तयार झाला. गावकऱ्यांनी त्या वेळी ‘पेठाण’ म्हटले असते, तर आज आपण ‘पेठण’ म्हटले असते. फ्रेंच ‘शोज’ने जसा क्रम सांगितला तसाच ‘पैठण’ने सांगितला, आणि ग्रीकाच्या ‘आइ’ला आता आधार मिळाला.

एका शब्दावर नियम उभा राहत नाही, म्हणून आणखी पाहू. ‘प्रतिज्ञा’चे ‘पइज्जा’ होऊन ‘पैज’ झाली. ‘बलीवर्द’चे प्राकृत ‘बइल्ल’ होऊन ‘बैल’ झाला. ‘महिषी’ची ‘म्हैस’ झाली. ‘चतुर्थ’चे ‘चउत्थ’ होऊन ‘चौथा’ झाला. मराठीतील अस्सल देशी ऐ-औ बहुतेक असे, दोन सुटे स्वर एकत्र येऊन झालेले आहेत. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात अशा शब्दांची तपासणी करून मराठीच्या इतिहासाला शिस्त लावली. वा. गो. परांजपे यांनी त्याचे मराठी भाषांतर केले आहे.

येथे एखादा हुशार विद्यार्थी अडवील, की ‘प्रतिपदा’चा ‘पैवा’ का झाला नाही, ‘पाडवा’ का झाला? शंका योग्य आहे. पुष्कळ शब्दांत ‘प्रति’चा ‘पडि’ झाला. तेथे त गळाला नाही, त्याचा ड झाला. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘पडि’चा नियम देऊन त्याचे अपवादही नोंदवले. पाडव्याने पैठणची साक्ष खोटी ठरत नाही. एकाच उपसर्गाला दोन वाटा फुटल्या, एवढेच त्यावरून कळते. नियमाला जुळणारी उदाहरणे देऊन न जुळणारी झाकून ठेवणे मात्र टाळावे. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत तसे पुष्कळदा होते.

आणि हा बदल अजून थांबलेला नाही. शहरातल्या पैठण गेटचे नाव मराठी माणूस ‘पइठण’ असे घेतो. प्रमाण हिंदी-उर्दूत मात्र ऐ हा एकच रुंद स्वर झाला आहे, मराठीतल्या ‘ॲ’च्या जवळचा, तसेच औ हा ‘ऑ’च्या जवळचा. ‘बैल’, ‘पैसा’, ‘चौक’ हे शब्द दोन्ही भाषांत आहेत, अक्षरेही तीच आहेत, पण उच्चार निराळे. ‘भैया’, ‘कौआ’ अशा शब्दांत हिंदीने जुना जोडस्वर टिकवला आहे, कारण पुढे य किंवा स्वर आला. रोममध्ये दोन हजार वर्षांपूर्वी जे घडले त्याच्या जातीचा हा बदल आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही कानांवर पडणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्यांना तो ऐकायला औरंगपुऱ्यातल्या बाजारापलीकडे जावे लागणार नाही.

तक्ता कोणत्या काळचा?

आता मूळ तक्त्याकडे वळू. ‘ए = अ + इ’ कशावरून? पहिली साक्ष संधीची. ने + अन = नयन, पण नै + अक = नायक; पो + अन = पवन, पण पौ + अक = पावक. पुढे स्वर आला की ए फुटून ‘अय’ होतो आणि ऐ फुटून ‘आय’. जे फुटून निघते ते आत कधीतरी असले पाहिजे. पाणिनीनेही अ, ए, ओ यांना एका गटात घालून ‘गुण’ म्हटले आणि आ, ऐ, औ यांना दुसऱ्या गटात घालून ‘वृद्धि’ म्हटले. ए ऱ्हस्व अच्या घराण्यातला, ऐ दीर्घ आच्या.

दुसरी साक्ष इराणची. आपल्या ‘देव’ शब्दाचा भाऊबंद प्राचीन फारसीत ‘दइव’ असा आहे; सम्राट झर्क्सीसच्या लेखात तो येतो. तिसरी साक्ष तुर्कस्तानातली. बोगाझक्यॉय येथे सापडलेल्या मातीच्या विटांवर मितानी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचे घोडे तयार करण्याचे पुस्तक आहे. ते इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या सुमाराचे. त्यात एका फेरीला ‘अइकवर्तन्न’ असा शब्द आहे. हा आपल्या ‘एक’ आणि ‘वर्तन’ यांचा नातलग. कीलाक्षरांत त्याची सुरुवात अ, इ, क अशी तीन चिन्हे मांडून केली आहे. म्हणजे आपला ‘एक’ कोणे काळी ‘अइक’ होता, हे तिघे एकमेकांना न भेटलेले साक्षीदार सांगतात.

पण तो काळ लवकर सरला. पाणिनीनंतरच्या कात्यायनाने ऐ आणि औ यांत पुढचा भाग, म्हणजे इ किंवा उ, अधिक असल्याचे नोंदवले आहे. याचा अर्थ तेव्हाच आरंभीचा ‘आ’ आखडला होता. पतंजलीच्या महाभाष्यात ए-ओमधला अ पूर्ण मिसळून गेल्याची चर्चा येते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैयाकरणांनाही हा तक्ता प्रत्यक्ष उच्चाराला लागू नाही हे ठाऊक होते. आपण मात्र तो काळाचा उल्लेख गाळून आजच्या मराठीचे वर्णन म्हणून छापतो. तक्त्याचा मुख्य दोष तो हाच.

दुसऱ्या टोकाचाही एक दावा ऐकू येतो, की संस्कृत आणि तिच्या लेकी जशा लिहिल्या जातात तशाच बोलल्या जातात, म्हणून उच्चार कधी बदललाच नाही. ‘अइक’पासून ‘एक’पर्यंतचा प्रवास या दाव्याला पुरेसे उत्तर आहे. आणि पुनर्रचना करणाऱ्यांनीही आपल्या मर्यादेत राहावे. या पद्धतीने जोडस्वर होता की साधा, कोणता बदल आधी झाला आणि कोणता नंतर, एवढे कळते. सातवाहनांच्या पैठणमधील माणसाचा नेमका स्वर किंवा हेल तिच्यातून ऐकू येत नाही.

वर्गात काय करावे?

आमची सूचना साधी आहे. तक्ता संधीच्या प्रकरणात न्यावा आणि त्यावर ‘संधीच्या नियमांपुरते, जुन्या उच्चारावर आधारित’ असे लिहावे. वर्णविचारात मात्र ‘आजच्या मराठीत ए आणि ओ हे साधे स्वर; ऐ आणि औ हे जोडस्वर, त्यांचा उच्चार अइ, अउ’ असे असावे. पुस्तक बदलेपर्यंत एवढी तळटीप शिक्षक फळ्यावर लिहू शकतात. परीक्षेत काय लिहायचे आणि खरे काय आहे, हे विद्यार्थ्यांना वेगवेगळे सांगावे लागले तरी सांगावे. ती त्यांना फसवणूक वाटणार नाही.

दुसरी सूचना वह्यांबद्दल. ‘कवतुक’, ‘गवरी’, ‘चवथा’, ‘पइसा’ असे लिहिलेले आढळले की आपण लाल रेघ मारून पुढे जातो. रेघ मारावी, कारण प्रमाणलेखन शिकवायचेच आहे. पण त्याआधी अशा चुका एका वहीत तारखेसह उतरवून ठेवाव्यात. कोणत्या गावचा विद्यार्थी, घरी कोणती भाषा, कोणता शब्द, एवढी नोंद पुरे, नाव नको. वर्षभरात पन्नास-शंभर नोंदी जमतील. त्यांची वर्गवारी करायला नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना बसवावे: औच्या जागी ‘अव’ किती वेळा, ‘ओ’ किती वेळा, ऐच्या जागी ‘अइ’ किती, ‘ए’ किती. मग प्रत्येक शब्द लिहिणाऱ्याकडूनच मोठ्याने म्हणवून घ्यावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून सर्वांनी ऐकावा. वारोने करडाचा खेडवळ उच्चार टिपून ठेवला म्हणून आज लॅटिनबद्दल इतके सांगता येते. मराठवाड्यातल्या शाळांत तशी सामग्री रोज तयार होते आणि वर्षाच्या शेवटी रद्दीत जाते.